त्रेचाळीस कमेंट अन् एक उणे पावती

मागच्या हंगामातली गोष्ट. दसरा होऊन गेला होता, सोयाबीन नुकतंच गोदामात यायला लागलं होतं, अन् मी घरी ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसलेलो कारण आत रेंज नाही. गटाच्या गोदामातून मापारी काकांचा फोन आला. "भाऊ, हे तुमचं सॉफ्टवेअर काय म्हणून राहिलं पाहा बरं जरा. माणसानं वीस कट्टे आणले अन् पावती निघाली उणे एक पॉइंट अठ्ठ्याऐंशी क्विंटल. आता माल आणणाऱ्यानंच आपल्याले पैसे द्याचे काय?" मागे चारपाच जण खदाखदा हसत होते. ज्याचा माल होता तो मात्र हसत नव्हता म्हणे, पावती हातात धरून नुसता उभा होता.

हिशोब तसा चौथीतल्या पोराचा. काट्यावर ढोबळ वजन १०१२ किलो, बारदाने २०, एका बारदान्याचे ६०० ग्रॅम धरतो म्हणजे १२ किलो वजा, नक्त १००० किलो, सरळ दहा क्विंटल. आमच्या प्रोग्रॅमने आधी १०१२ किलोचे १०.१२ क्विंटल केले अन् मग त्यातून बारदान्याचे १२ वजा केले. किलोचे १२, क्विंटलमधून. झाले उणे १.८८.

चूक होते, त्याचं एवढं नाही. पण हा जो बदल होता तो काही कुणी गुपचूप घुसवला नव्हता, व्यवस्थित रिव्ह्यू झाला होता त्याचा, म्हणजे बाकीच्यांनी तो कोड वाचून तपासला होता, अन् त्या रिव्ह्यूमध्ये ४३ कमेंट होत्या. त्रेचाळीस! त्या रात्री जेवण झाल्यावर मी एकेक उघडून वाचली. सिंगल कोट की डबल कोट, ओळ लांब झाली, इथे रिकामी ओळ सोड, इथे टॅब दिसतोय, कंस खालच्या ओळीवर का आणला, फंक्शनच्या नावात मध्येच मोठं अक्षर कशाला. चौघं जण चार दिवस भांडलो होतो त्यावर. अन् सगळ्यात वाईट काय, ज्या ओळीवर वजाबाकी चुकली होती ना, त्या ओळीवर पण एक कमेंट होती. माझीच. "वजाच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूला स्पेस हवी." पुढे लिहिणाऱ्याने स्पेस दिली, मी अंगठा दाखवला, मूळ कोडमध्ये मर्ज झालं.

तर आज कोडच्या स्टाइलवरच्या या भांडणांवर लिहून राहिलो. लय दिवसांपासून लिहायचं होतं.

आधी आम्ही कोण ते सांगतो. मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहतो, घरून काम करतो, थोडी शेती बाबा पाहतात थोडी मी पाहतो असं दाखवतो. आमच्या भागातल्या शेतकरी गटासाठी काट्याच्या पावतीचं अन् स्टॉकचं सॉफ्टवेअर आम्ही चार जण फावल्या वेळात बनवतो. एक नागपूरचा, कॉलेजपासूनचा दोस्त, कंपनीत जावा लिहून लिहून मुरलेला. एक पुण्याची आहे, माहेर यवतमाळ, ती आमच्यात सगळ्यात हुशार अन् तिच्या टेबलावर दोन मोठे मॉनिटर. चौथा माझा मामेभाऊ, अमरावतीला शिकतो, विंडोजचा जुना लॅपटॉप, सळसळतं रक्त. पैसे कुणालाच मिळत नाहीत, त्यामुळे भांडायला सगळे मोकळे.

कोडच्या स्टाइलवरून भांडण म्हणजे काय हे ज्याने चार जणांत मिळून कोड लिहिला नाही त्याला सांगणं कठीण आहे. बाहेरच्याला वाटते की कॉम्प्युटरला काय फरक पडते. नाही पडत, तेच तर. कॉम्प्युटरला टॅब काय अन् स्पेस काय बहुतेक ठिकाणी सारखंच, वाचणाऱ्या माणसाला फरक पडतो, अन् कोड एकदा लिहिला जातो पण पुढे दहादा वाचला जातो, कधी चूक शोधायला कधी काही नवीन जोडायला. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचा जनक गुइडो व्हॅन रॉसम याने याच मुद्द्यावरून २००१ साली पायथॉनच्या नियमांची चोपडी लिहायला घेतली, पेप ८ म्हणतात तिला. ओळ आत सरकवायला चार स्पेस सोडा, ओळ ७९ अक्षरांच्या आत ठेवा, वगैरे. तिकडे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, याच्या उलट, तिथे टॅब अन् तोही आठ अक्षरं रुंद, अन् लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्सने त्याच्या स्टाइलच्या कागदात लिहून ठेवलंय की तीनपेक्षा जास्त पायऱ्या आत जावं लागत असेल तर तुझं गणितच बिघडलंय, आधी प्रोग्रॅम नीट कर. त्याच कागदात सुरुवातीलाच सल्ला आहे की ग्नू नावाच्या दुसऱ्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचे कोडिंगचे नियम छापून घ्या अन् न वाचता जाळून टाका. म्हणजे मोठी माणसं पण आपल्यासारखीच भांडतात, हे वाचून मला बरं वाटलं होतं.

अन् ही ८० अक्षरांची ओळ कुठून आली तर पंचकार्डावरून. आयबीएमने १९२८ मध्ये ८० रकान्यांचं कार्ड काढलं, पुढे टर्मिनलच्या स्क्रीनही ८० अक्षरांच्या आल्या, कार्ड गेलं, टर्मिनल गेले, ८० राहिले. लिनसने २०२० मध्ये सांगितलं की आता पुरे, तेव्हा कर्नलच्या तपासणीने १०० पर्यंत कुरकुर करणं सोडलं. आमच्यात यावर दोन आठवडे गेले. पुण्यावाली म्हणे १२० ठेवू, तिच्या मॉनिटरवर दोन फाइली शेजारी शेजारी मावतात. माझा लॅपटॉप १४ इंची, अन् लाईन गेली की बॅटरी वाचवायला ब्राइटनेस कमी, त्यात मामेभाऊ तर कधीकधी बसमध्ये मोबाईलवर रिव्ह्यू करतो. त्याला १२० ची ओळ म्हणजे एका ओळीसाठी तीनदा बोट सरकवणं. मग मला समजलं की ओळीच्या लांबीचं भांडण हे सौंदर्याचं नाहीच, कोणाजवळ कोणतं मशीन आहे त्याचं आहे. टॅबचंही तसंच, टॅब किती रुंद दिसावा हे ज्याचं त्याला ठरवता येतं, अन् ज्यांना डोळ्यांनी कमी दिसतं किंवा जे ब्रेल डिस्प्लेवर वाचतात ते म्हणतात की टॅबच बरा, चार स्पेस म्हणजे ब्रेलच्या पट्टीवर चार खाने फुकट गेले. हे मला आधी माहीतच नव्हतं, मी स्पेसवाला होतो अन् स्पेसवालाच राहिलो, पण आता तोंड जरा सांभाळून उघडतो.

नागपूरच्या दोस्ताचं मत एकच, "अबे, आमच्या कंपनीत असंच असते." हा मुद्दा म्हणून तो दर वेळी मांडतो.

मामेभावाचं वेगळंच. त्याला स्टाइल वगैरे काही नाही, जिथून कॉपी केलं तिथली स्टाइल. एका फाइलीत चार तऱ्हा. अन् एकदा त्याने टॅब अन् स्पेस मिसळून पाठवलं, पायथॉन २ असतं तर टॅबचा काहीतरी अंदाज लावून चाललं पण असतं, कदाचित चुकीचं चाललं असतं, पायथॉन ३ सरळ नकार देतं, टॅब एरर म्हणून तोंडावर फेकतं. त्याचा फोन आला, "दादा, दिसाले तर सरळ दिसून राहिलं ना, मंग काहून चालत नाही?" मी म्हटलं दिसतं सरळ पण आतून वाकडं आहे. त्यावर तो म्हणाला, "म्हणजे आपल्या सरपंचासारखं."

अन् विंडोजमुळे त्याच्या फाइलीत ओळीच्या शेवटी न दिसणारी दोन चिन्हं, आमच्या लिनक्सवाल्यांच्या एकच. त्याने एक अक्षर बदललं की गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, म्हणणार पूर्ण फाइल बदलली. लाल हिरवं लाल हिरवं. काय बदललं ते शोधायला भिंग लागायचं. हे गिटअॅट्रिब्यूट्स नावाच्या फाइलीत एक ओळ टाकून मिटतं, पण ती एक ओळ टाकायला आम्हाला आठ महिने लागले कारण प्रत्येकाला वाटत होतं की समोरच्याने सुधारावं.

सगळंच दिसण्याचं असतं असंही नाही. २०१४ च्या फेब्रुवारीत अॅपलच्या फोनच्या अन् मॅकच्या सुरक्षेत एक भयंकर भोक सापडलं होतं, 'गोटू फेल' अशी एक ओळ चुकून दोनदा आली होती. वरच्या 'इफ'ला महिरपी कंस नव्हता, त्यामुळे पहिली ओळ अटीखाली अन् दुसरी मोकाट, पण दोन्ही सारख्याच आत सरकवलेल्या म्हणून वाचणाऱ्याला वाटावं की दोन्ही अटीखालीच आहेत. परिणाम असा की समोरच्या सर्व्हरची सही तपासायची पायरीच वगळली जायची अन् तरी फोन म्हणायचा सगळं ठीक. आता कोणी म्हणते कंस टाकायचा नियम असता तर वाचलं असतं, कोणी म्हणते टेस्ट असती तर वाचलं असतं. मला वाटते दोन्ही खरं आहे. आमच्याकडे दोन्ही नव्हतं, टेस्ट तर बारदान्याच्या हिशोबाला एकही नव्हती, ते कबूल करतो, पण इतक्या लोकांनी इतक्या वेळा ती ओळ डोळ्याखालून घातली अन् तरी सुटली, मला टोचते ते हे.

पार्किन्सन म्हणून एक इंग्रज होता, त्याने १९५७ मध्ये लिहून ठेवलंय, कमिटीपुढे अणुभट्टीचा विषय आला की अडीच मिनिटांत मंजूर अन् सायकल स्टँडचा आला की पाऊण तास चर्चा, कारण अणुभट्टी कोणालाच समजत नाही अन् सायकल स्टँड सगळ्यांना समजते. त्याला आमच्या ग्रामसभेत बसवायला पाहिजे होतं. नळयोजनेचा ठराव वाचून संपायच्या आत हात वर, अन् मारुतीच्या पारावर फरशी लाल टाकायची का पांढरी यावर मात्र अर्धं गाव बोलणार. आमच्या रिव्ह्यूतही तेच झालं होतं. बारदान्याचा हिशोब समजून घ्यायला काट्यावर काय चालतं ते माहीत लागते. कोट एक आहे का दोन हे पाहायला काहीच माहीत लागत नाही.

त्या दिवसांत मी घरात जरा चिडचिडा होतो. एका संध्याकाळी बाबांनी विचारलं काय झालं, मी सांगितलं की आम्ही चार जण एकच काम करतो पण चौघांची रीत वेगळी अन् कोणीच ऐकत नाही. बाबांना कॉम्प्युटरमधलं काही समजत नाही अन् समजून घ्यायची इच्छाही नाही, पण त्यांनी मला चौफुलीचं सांगितलं. पूर्वी आमच्याकडे कपाशी चौफुलीवर लावायचे, अजूनही काही जण लावतात. सरकी लावायच्या आधी वावरात उभ्या रेघा पाडायच्या, मग आडव्या, अन् जिथे रेघेला रेघ कापते तिथे फुलीवर सरकी टाकायची. म्हणजे पऱ्हाटी कोणत्याही बाजूने पाहिली तरी सरळ तासात, अन् डवरा, म्हणजे बैलांचं कोळपं, उभाही चालतो अन् आडवाही, निंदणाचा खर्च अर्धा.

मी म्हटलं हो, सरळ तास बरे दिसतात. तर म्हणाले, "दिसाचं काय घेऊन बसला बाबू. लावणारा एक असते अन् डवरणारा दुसराच असते. यंदा आपला सालदार, पुढच्या साली कोणाचा कोण. त्याले बैलं घेऊन वावरात शिरलं की इचारा लागू नये का तास कुठून कुठं गेला."

एवढंच बोलले अन् पाणी सोडायला गेले. रात्रीच्या लाईटीचा आठवडा होता.

मी तिथेच बसून राहिलो. मी इतके दिवस भांडत होतो ते लावणाऱ्याच्या बाजूने, मला काय आवडते, माझ्या हाताला काय सोपं जाते. डवरणाऱ्याचा विचार चौघांपैकी एकानेही केला नव्हता. अन् डवरणाऱ्याला तीन फुटाचं अंतर आहे का साडेतीन, त्याचंही फार काही नसते, त्याला पूर्ण वावरात एकच अंतर पाहिजे.

गो नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा बनवणाऱ्यांनी हे सुरुवातीलाच ओळखलं होतं. २००९ च्या नोव्हेंबरात गो लोकांसमोर आली तेव्हापासून तिच्यासोबत गोफम्ट नावाचं हत्यार आहे, कोड द्या, तो एकाच ठरलेल्या साच्यात बसवून परत देतो, अन् त्यात तुमच्या आवडीनिवडीला बटण नाही. गो बनवणाऱ्यांपैकी रॉब पाइकचं त्यावर एक वाक्य आहे, त्याचा मतलब असा की गोफम्टची स्टाइल कोणाचीच आवडती नाही पण गोफम्ट मात्र सगळ्यांचा आवडता आहे. पुढे २०१७ मध्ये जावास्क्रिप्टसाठी प्रिटियर आलं, २०१८ मध्ये पायथॉनसाठी लुकाश लांगाने ब्लॅक काढलं, नावच ब्लॅक कारण फोर्डच्या गाडीसारखं, रंग कोणताही घ्या फक्त तो काळा असला पाहिजे. ओळ ८८ अक्षरांची. ८८ का तर ८० मध्ये दहा टक्के वाढवले. भांडणात ८० वाला पण हरला अन् १२० वाला पण हरला, म्हणून दोघंही गप्प. परक्या माणसाने येऊन धुरा पाडून दिला की भाऊ भाऊ जसे गप्प बसतात तसं.

मी ठरवलं आता आपणही असा फॉरमॅटर लावायचा. अन् इथे मी सगळ्यात मोठा गाढवपणा केला, तो सांगितल्याशिवाय ही पोस्ट खरी होणार नाही.

एका रविवारी कोणालाही न विचारता मी पूर्ण प्रोजेक्टवर ब्लॅक अन् प्रिटियर चालवलं. ६१ फाइली. आणि जाता जाता, हे लक्षात घ्या जाता जाता, त्याच कमिटमध्ये, म्हणजे गिटच्या त्याच एका नोंदीत, दोन लहान दुरुस्त्या पण करून टाकल्या, म्हटलं चाललोच आहे तर. सगळ्यांच्या सामाईक कोडवर पुश केलं, झोपलो. सकाळी नागपूरवाल्याचे सात मिस्ड कॉल. तो तीन आठवड्यांपासून वेगळ्या ब्रांचवर, म्हणजे कोडच्या वेगळ्या प्रतीवर, स्टॉकच्या रजिस्टरचं काम करत होता, आता त्याच्या प्रत्येक फाइलीत कॉन्फ्लिक्ट, त्याचे बदल अन् माझे बदल एकमेकांना भिडलेले. "अबे तू माणूस आहे का कोण आहे, विचारता येत नव्हतं का एक डाव?" बरोबर होतं त्याचं, काय बोलणार. दोन रात्री लागल्या त्याला ते निस्तरायला. नंतर समजलं की त्याच्या ब्रांचवर पण आधी तोच फॉरमॅटर चालवला असता अन् मग जोडलं असतं तर बहुतेक कॉन्फ्लिक्ट झालेच नसते.

दुसरी गोष्ट त्याहून गमतीची. गिटमध्ये ब्लेम नावाची कमांड आहे, कोणती ओळ शेवटी कोणी बदलली ते सांगते. फॉरमॅटर चालवल्यावर हजारो ओळी माझ्या नावावर. पुण्यावालीने लिहिलेलं, मामेभावाने लिहिलेलं, सगळं माझंच. गावातल्या सगळ्या सातबाऱ्यांवर एका रात्रीत एकाच माणसाचं नाव चढलं तर कसं होईल तसं. तलाठ्याने पण असा फेरफार केला नसता! अन् बारदान्याची ती वजाबाकीची ओळ, ती पण आता माझ्या नावावर. ती दुरुस्त झाली होती तोवर, पण कोणी इतिहास पाहायला गेलं तर ब्लेम मलाच. मामेभाऊ खूश होता.

त्याला उपाय आहे. गिटच्या २.२३ पासून, म्हणजे २०१९ पासून, एका फाइलीत अशा कमिटचे नंबर लिहून ठेवता येतात अन् ब्लेमला सांगता येतं की हे सोडून मागचा खरा मालक दाखव. पण त्याची अट अशी की त्या कमिटमध्ये फक्त फॉरमॅटिंगच पाहिजे. माझ्या त्या दोन लहान दुरुस्त्या त्यातच मिसळलेल्या, तो कमिट लपवला तर त्याही लपणार. म्हणून सगळं मागे घेतलं, सगळ्यांना विचारून तारीख ठरवली, नागपूरवाल्याची ब्रांच आधी जोडून घेतली, मग नुसतं फॉरमॅटिंग एका कमिटमध्ये, दुरुस्त्या दुसऱ्या. कंटाळवाणं काम होतं. वेळेवर केलं हे एक बरं झालं. मेक नावाचं, कोडपासून प्रोग्रॅम तयार करणारं, १९७६ सालचं हत्यार आहे, त्याच्या फाइलीत आजही कमांडच्या ओळीच्या सुरुवातीला सहसा टॅबच लागतो, स्पेस चालत नाही, नवीन पोरं त्यात हमखास अडकतात. ज्याने बनवलं त्या फेल्डमनला चूक लवकरच समजली होती, पण तोवर डझनभर लोकं ते वापरायला लागले होते अन् त्यांची गैरसोय नको म्हणून त्याने बदललं नाही. डझनभर! आम्ही तर चारच होतो.

फॉरमॅटर लागल्यावर रिव्ह्यूतल्या कमेंट धपकन कमी झाल्या. पण मी सांगतो, ब्लॅक आधीपासून असतं तरी ती उणे पावती निघालीच असती. ब्लॅक कोड सजवल्यावर आतला अर्थ बदलला नाही ना हे स्वतः तपासून पाहतो, म्हणजे त्याने वजाच्या दोन्ही बाजूंनी छान स्पेस दिली असती अन् चुकीची वजाबाकी जशीच्या तशी ठेवली असती. फॉरमॅटरला नावातलं काही समजत नाही. कोडमधल्या ज्या आकड्याचं नाव नुसतं 'वजन' आहे ते किलो आहे का क्विंटल हे त्याला कसं कळणार, आम्हालाच कळलं नाही.

अन् नावांचा आमचा घोळ तर विचारू नका. आम्ही मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहायचो, अन् प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. शेतकरीच्या 'शे'ला कोणी एस-एच-ई, तर कोणी नुसतं एस-ई. कापूसला कोणी एक ओ, कोणी दोन ओ, कोणी यू. बारदाना तर पाच प्रकारे लिहिलेला सापडला, शोधायला गेलं की पाचदा शोधावं लागे. मामेभाऊ म्हणाला दादा मग सरळ देवनागरीतच लिहू ना, पायथॉन ३ मध्ये चालते. खरंच चालते. त्याने 'शेतकऱ्याचे वजन' असं नाव मध्ये अंडरस्कोर देऊन लिहिलं अन् चाललंही. आम्ही सगळे हरखलो. मग पुण्यावालीने तिच्या कीबोर्डवरून तेच नाव टाइप केलं तर एरर. दिसायला दोन्ही सारखं, अक्षरन् अक्षर सारखं. अर्धा दिवस डोकं फोडल्यावर सापडलं, मामेभावाच्या कीबोर्डने 'ऱ्या' लिहिताना मराठीचा खास ऱ वापरला होता अन् तिच्याने साधा र, हलंत अन् मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह टाकलं होतं. ते न दिसणारं चिन्ह पायथॉनला नावात चालत नाही. टॅब-स्पेसचं भांडण बरं म्हणावं अशी ही गोष्ट. देवनागरी तिथेच सोडली. मनातून वाईट वाटलं पण सोडली.

शेवटी एक यादी केली. फाइलच आहे प्रोजेक्टमध्ये, ज्या शब्दाला इंग्रजीत नीट शब्द नाही तो मराठी ठेवायचा अन् त्याचं स्पेलिंग एकच, यादीत असेल ते. ढोबळ, नक्त, बारदाना, सातबारा. हे शब्द आम्ही मापारी काकांजवळ बसून लिहून घेतले, कारण पुढे कोणी कोड वाचून त्यांना फोनवर विचारलं तर शब्द एक असायला पाहिजे. आधी आमच्या कोडमध्ये 'टोटल' होतं, आता टोटल म्हणजे बारदान्यासकट का बारदान्याशिवाय हे प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं. काकांच्या 'ढोबळ'मध्ये हा गोंधळच नाही. अन् दुसरा नियम, वजनाच्या नावात एकक पाहिजेच, ढोबळ किलो, नक्त क्विंटल, पूर्ण लिहा. लांब होते तर होऊ द्या, ८८ अक्षरं कशाला दिलीत.

नागपूरवाल्याला हा नियम आवडला नाही, अजूनही नाही. तो म्हणते इतकी लांब नावं वाचताना दम लागते. लागू दे.

एक गोष्ट मात्र बाबांनी नंतर सांगितली ती इथे लिहितो नाहीतर वाटेल की मी फॉरमॅटरची आरती करून राहिलो. आमचा एक तुकडा नाल्याकडे उतरता आहे. मी म्हटलं तिथे पण चौफुली असेल. म्हणाले, "तिथं कायले चौफुली. उताराले तास उभे धरले तर पहिल्याच पाण्यात माती नाल्यात. तिथं उताराले आडवंच पेरा लागते, मंग तास वाकडे दिसो का तिकडे दिसो." आमच्या कोडमध्ये असा एक उतरता तुकडा आहे, ओलावा अन् माती-काडीच्या टक्क्यांप्रमाणे कपातीचं कोष्टक. मापारी काकांच्या वहीत ते जसं रकान्याखाली रकाना आहे तसंच आम्ही लिहिलं होतं, एका नजरेत चूक दिसावी म्हणून. ब्लॅकने ते सपाट करून टाकलं, सगळे आकडे डावीकडे गोळा. तिथे आता वर एक सूचना लिहिली आहे की इथून इथपर्यंत फॉरमॅट करू नको, अन् शेजारी एका ओळीत कारण. कारण लिहायलाच पाहिजे असं आमचं ठरलंय, नाहीतर मामेभाऊ प्रत्येक फाइलीला उतरती म्हणेल.

परवा त्याच कोष्टकाच्या कामाची रिक्वेस्ट आली, मामेभावाचीच. आधी ओलाव्याची मर्यादा, सोयाबीनला १२ टक्के, हा आकडा पाच ठिकाणी नुसता '१२' म्हणून लिहिलेला होता, अन् २०२४ च्या नोव्हेंबरात सरकारने हमीभाव खरेदीसाठी ती १५ केली तेव्हा आम्ही चार ठिकाणी बदलला अन् पाचव्या ठिकाणी विसरलो. आता त्याने त्याला नाव दिलं, एकाच जागी ठेवला, हंगामाप्रमाणे बदलता येतो. ब्लॅक आपोआप चाललं होतं त्यामुळे कोट, स्पेस, ओळ काही बोलायला उरलंच नव्हतं. पूर्ण रिव्ह्यूत दोन कमेंट. एक नागपूरवाल्याची, नाव लांब आहे म्हणून. दुसरी पुण्यावालीची, "ओलावा मर्यादेपेक्षा कमी असेल तर माल घ्यायचा असं लिहिलंय. बरोबर मर्यादेवर आला तर काय?"

चौघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. मी गाडी काढून गोदामावर गेलो. काका ओलावा मोजायच्या यंत्राची बॅटरी बदलत होते. विचारलं तर म्हणाले, "काट्यावर काटा आला तर घ्याचा ना भाऊ. त्याच्या वर पॉइंट एक गेला की मंग पंचायत." अन् वर म्हणाले की हे तुम्हाला इतके दिवस माहीत नव्हतं काय.

तिथेच कट्ट्यावर बसून मामेभावाला फोन लावला अन् सांगितलं की कमीच्या चिन्हापुढे एक बरोबरचं चिन्ह टाक. तो म्हणाला, "मध्ये स्पेस देऊ का?"

शिवी दिली अन् फोन ठेवला.